घर आणि विज्ञान : खेळाच्या संगणकासाठी कोणते लिनक्स निवडावे?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीस नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचे थांबविले. त्या दिवशी घरोघरच्या संगणकांना काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नित्याप्रमाणे सुरू झाले. परंतु घराचे कुलूप तेच राहावे आणि चोरांनी मात्र रोज नव्या किल्ल्या घडवाव्यात, तशी ही अवस्था आहे. कंपनीने मर्यादित मुदतवाढीची सोय जाहीर केली खरी. तथापि ती कायमची वाट नव्हे. विंडोज ११ घालावे म्हटले, तर त्यास टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, त्याच्या मान्य यादीत नाहीत. त्यामुळे २०१७ च्या सुमारास हौसेने घेतलेले आणि अद्याप धडधाकट असलेले कित्येक संगणक एकाएकी बिनवारशी झाले.

असाच एक संगणक भोपाळच्या एका वाचकभगिनींच्या घरी आहे. त्यांच्या पत्रावरून दिसते की, त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. चिरंजीव बारावीच्या परीक्षेतून मोकळे झाले असून त्यांना खेळ खेळावयाचे आहेत. थोरल्या कन्येला महाविद्यालयाच्या लेखनासाठी तोच संगणक लागतो. नवा संगणक घ्यावा, तर कन्येच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागेल. ‘मुलाचे मित्र लिनक्स घाला म्हणतात, पण कोणते घालावे याविषयी पाच मित्रांची पाच मते आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे. अशा आशयाची पत्रे इतर वाचकांकडूनही येत असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच वाहिले आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. लिनक्स म्हणजे वास्तविक प्रणालीचा केवळ गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहिण्यास घेतला, आणि पुढे तो सर्वांना वापरण्यास व सुधारण्यास मोकळा ठेवला. या गाभ्याभोवती पडद्यावरची मांडणी, प्रोग्राम बसविण्याची साधने, निरनिराळी ड्रायव्हर अशा शेकडो गोष्टींची जुळणी करून जो तयार संच लोकांच्या हाती देतात, त्याला इंग्रजीत ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात. आम्ही भाषांतर करताना त्यासाठी ‘वितरण’ हा शब्द योजतो. दुकानदारीचा वास त्याला येतो हे मान्य. परंतु त्याहून नेमका शब्द अद्याप सापडलेला नाही. धान्य एकाच शेतातले असले, तरी खानावळी निराळ्या असतात. कोणी ठराविक बेत वर्षानुवर्षे वाढतो, तर कोणी बाजारात आलेली नवी भाजी त्याच दिवशी ताटात घालतो. वितरणांमधील फरक मुख्यतः असाच आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळसा गोंधळ कमी होतो.

आपल्या देशाला ही वस्तू नवखी नाही. केरळमधील शाळांतून मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या पायावर उभारलेले ‘बॉस’ नावाचे भारतीय वितरण २००७ सालापासून आहे. मात्र ही वितरणे अभ्यास आणि कचेरीचे काम डोळ्यांपुढे ठेवून घडविलेली आहेत. खेळांची गरज वेगळी पडते, म्हणून त्यांचा विचारही वेगळा करावा लागतो.

खेळ चालतात तरी कसे?

संगणकावरील बहुतेक मोठे खेळ विंडोजसाठीच लिहिले जातात. ते लिनक्सवर चालावेत यासाठी १९९३ साली ‘वाइन’ नावाचा उद्योग सुरू झाला. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम ज्या ज्या गोष्टी मागतो, त्या लिनक्सच्या भाषेत समजावून देणारा तो एक दुभाषा आहे. परंतु खेळांचे चित्रण डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने होते, आणि हा दुभाषा तेथे फार काळ अडखळत असे. पुढे व्हल्कन ही सर्व कंपन्यांना मोकळी असलेली चित्रण-पद्धत २०१६ मध्ये आली, आणि डायरेक्टएक्सचे बोलणे व्हल्कनमध्ये तत्काळ उतरविणारा ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्राम तयार झाला. स्टीम हे खेळांचे मोठे विक्रीकेंद्र चालविणाऱ्या वाल्व कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर साधने एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ सादर केले. तेव्हापासून या क्षेत्राचे रूपच पालटले. वाल्वने २०२२ च्या फेब्रुवारीत विक्रीस आणलेला स्टीम डेक हा हातातील संगणक लिनक्सवरच चालतो. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेले. शंभरांत तीन म्हणजे फार नव्हे; परंतु विक्रेत्यांनी दखल घ्यावी इतके ते खास आहे.

या इतिहासातून आपल्या उपयोगाची एक गोष्ट निघते. प्रोटॉन वाल्वकडून येते, गाभा सर्वांचा एकच आहे आणि ड्रायव्हर कार्ड बनविणारे अगर सर्वांसाठी काम करणारे कार्यकर्ते लिहितात. यांपैकी कोणतीही वस्तू एखाद्या वितरणाची खाजगी मालमत्ता नाही. म्हणून ‘अमुक वितरणावर खेळ दुप्पट वेगाने चालतात’ असे कोणी सांगितल्यास ते हसून सोडून द्यावे. साधनांच्या आवृत्त्या सारख्या असल्या, तर वेगातील फरक बहुधा थोडाच असतो. निवड करावयाची ती वेगासाठी नव्हे. बसविण्याची सुलभता, नव्या सुधारणा मिळण्याची गती आणि बिघाड झाल्यास सावरण्याची सोय यांसाठी.

पहिला प्रश्न : कोणते खेळ?

वितरणांची नावे पाहण्यापूर्वी घरात कोणते खेळ खेळले जातात त्याची यादी कागदावर करावी. एकट्याने खेळावयाचे बहुसंख्य खेळ आज प्रोटॉनवर समाधानकारक चालतात. अडचण येते ती अनोळखी लोकांशी जालावर खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांची. तेथे लबाडी रोखण्यासाठी एक पहारेकरी प्रोग्राम बसविलेला असतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रसिद्ध पहारेकऱ्यांना प्रोटॉनबरोबर चालविण्याची सोय २०२१ मध्ये झाली. परंतु ती सुरू करावी की नाही, हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्याच्या मर्जीवर ठेवलेले आहे. फोर्टनाइटच्या निर्मात्यांनी ती दिलेली नाही. एपेक्स लेजंड्स पूर्वी लिनक्सवर चालत असे. २०२४ च्या अखेरीस त्याचे दार बंद करण्यात आले. जीटीए ५ चा ऑनलाइन विभाग सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून लिनक्सवर बंद पडला. त्याचा कथाभाग मात्र खेळता येतो. आपल्याकडील मुलांचा आवडता व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यातच ठाण मांडून बसतो. २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ चीही हीच कथा. याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे वाल्वचे स्वतःचे खेळ असून ते लिनक्ससाठी मुळातच तयार केलेले आहेत.

हा अडथळा कोणतेही वितरण दूर करू शकत नाही. व्हॅलोरंट ज्याला जीव की प्राण आहे, त्याने दहा वितरणे पालथी घातली तरी हाती काही लागावयाचे नाही. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर हजारो खेळांविषयी प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचे अभिप्राय नोंदलेले असतात. यादीतील प्रत्येक नाव तेथे पाहावे, अभिप्रायाची तारीखही पाहावी, आणि मगच पुढे जावे. ही अर्ध्या तासाची चौकशी पुढचे कित्येक दिवस वाचविते.

दुसरा प्रश्न : कोणते ग्राफिक्स कार्ड?

एएमडी आणि इंटेल यांच्या चित्रणाची ड्रायव्हर खुली असून ती लिनक्सच्या गाभ्यात व ‘मेसा’ या संचात अंतर्भूत असतात. त्यामुळे वितरण बसविले की कार्ड आपोआप ओळखले जाते. फक्त कार्ड अगदी नवे असेल, तर गाभा आणि मेसाही नवे लागतात. जुन्या बेतावर चालणारी खानावळ तेथे उपयोगी पडत नाही.

एनव्हिडियाचे ड्रायव्हर कंपनी स्वतः देते, आणि खेळांसाठी तेच घालावे लागते. येथे जुन्या कार्डांच्या मालकांनी एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० या मालिकांतील कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा होय, असे एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केले. १०५० टीआय, १०६०, १०७० ही आपल्याकडे घरोघर असलेली कार्डे यातच मोडतात. ज्या वितरणात नवे ड्रायव्हर येताच सर्वांना तेच मिळते, तेथे अशा कार्डाचा पडदा एखाद्या सकाळी काळा राहण्याची भीती असते. तेव्हा जुन्या कार्डाला ५८० शाखा निवडून तीवरच स्थिर राहू देणारे वितरण हवे. नव्यातले नवे ते उत्तम, हा नियम येथे उलटा लागू पडतो.

वितरणांची कुळे

आता खानावळींकडे वळू. त्यांची चार कुळे मानली तर निवड सोपी होईल.

पहिले कूळ स्थिर वितरणांचे. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे यातील आद्य पुरुष. त्याच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभे राहिले, आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात येते व तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मिंटची २२ वी मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिचा सांभाळ २०२९ पर्यंत होणार आहे. मिंटची मांडणी विंडोजची सवय असलेल्यास परकी वाटत नाही. ‘ड्रायव्हर मॅनेजर’ या खिडकीतून एनव्हिडियाची शाखा निवडता येते. आणि ‘टाइमशिफ्ट’ या साधनाने प्रणालीची पूर्वस्थिती जतन करून ठेवता येते. अमेरिकेतील सिस्टम७६ या कंपनीचे पॉप ओएस याच कुळातले असून त्याची एनव्हिडियाचे ड्रायव्हर घातलेली निराळी प्रत मिळते. या कुळाचा दोष एकच. अगदी ताज्या कार्डाला ते कधी कधी उशिरा पोहोचते.

दुसरे कूळ फेडोराचे. २००३ साली सुरू झालेल्या या वितरणाची नवी आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते, आणि प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ तेरा महिन्यांच्या आसपास होतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा बदल पत्करणे प्राप्त आहे. एक-दोन वर्षांच्या एएमडी कार्डासाठी हे उत्तम होय. खेळांसाठी लागणाऱ्या वस्तू आधीच भरून दिलेले नोबारा हे त्याचे भावंड आहे. पण ते मुख्यत्वे एका कार्यकर्त्याच्या परिश्रमावर उभे आहे, हे घेण्यापूर्वी लक्षात असावे.

तिसरे कूळ अखंड वाहणाऱ्या वितरणांचे. २००२ साली निघालेल्या आर्च लिनक्समध्ये आवृत्ती अशी नसतेच. नवी वस्तू तयार झाली की ती येऊन पोहोचते. एंडेव्हरओएस आणि कॅचीओएस ही त्याच पायावरची बसविण्यास सोपी रूपे. ज्याला संगणकाशी झटापट करण्याची आवड आहे, अपडेटपूर्वी सूचना वाचण्याची शिस्त आहे, आणि ज्याचा संगणक एकट्याचा आहे, त्याला येथे आनंद मिळेल. ज्या घरात उद्या सकाळी कोणाला प्रबंध सादर करावयाचा आहे, तेथे ही मौज महाग पडते.

चौथे कूळ अलीकडचे आहे. यात प्रणालीचा संच एखाद्या मोहोरबंद डब्यासारखा एकसंध येतो. वापरणाऱ्याने आतील गोष्टींत ढवळाढवळ करावयाची नसते. अपडेट म्हणजे संपूर्ण नवा डबा. तो बिघडलेला निघाला, तर सुरू करताना जुना डबा निवडला की काम भागते. फेडोराच्या पायावरील बाझाइट हे यातील खेळप्रेमींचे आवडते वितरण. स्टीम त्यात आधीच बसविलेले असते आणि एनव्हिडियासाठी निराळे संच मिळतात. कार्ड जुने असल्यास त्याला जुळणारा संच नेमका पाहून घ्यावा. वाल्वचे स्टीमओएस हेही याच जातीचे, परंतु ते मुख्यतः एएमडीच्या चिपा असलेल्या यंत्रांसाठी घडविलेले आहे. दिवाणखान्यात दूरदर्शन संचाला जोडून निव्वळ खेळासाठी ठेवावयाच्या संगणकास हे कूळ शोभते.

याशिवाय शेकडो नावे आहेत. त्यांतील काही दोन-चार हौशी मंडळींनी चालविलेली असून त्यांचा उत्साह ओसरला की वापरणारे उघड्यावर पडतात. वितरण किती वर्षे टिकून आहे आणि अडचण विचारल्यास उत्तर देणारे किती आहेत, हे सुंदर भित्तिचित्रापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

घर सर्वांचे आहे

खेळाचा संगणक बहुधा केवळ खेळाचा नसतो. लेखन व हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस मिळते आणि नेहमीचे ब्राउझरही चालतात. देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक या सर्व वितरणांत सेटिंगमधून जोडता येतो. मराठी लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. परंतु काही परीक्षांचे देखरेखीचे प्रोग्राम, काही हिशेबाची साधने आणि काही छपाईयंत्रे विंडोजचाच आग्रह धरतात. महाविद्यालय अगर कचेरी काय मागते, हे आधी विचारून घ्यावे. घरातील प्रत्येकाचे खाते व पासवर्ड निराळे असावेत. प्रशासकाचा पासवर्ड वडीलधाऱ्यांपैकी एकाला तरी ठाऊक असावा.

आता कृती. सर्वप्रथम छायाचित्रे, कागदपत्रे व गृहपाठ यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी, आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. मग निवडलेले वितरण अधिकृत स्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावे. मिंट, उबुंटू, फेडोरा ही वितरणे न बसविताही पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वाय-फाय, आवाज, पडदा, छपाई सर्व ठीक आहे असे दिसले, तरच पुढचे पाऊल टाकावे. शक्य असल्यास लिनक्ससाठी स्वतंत्र लहान एसएसडी घ्यावी आणि बसविताना जुनी डिस्क काढून ठेवावी. म्हणजे चुकून काही पुसले जाण्याचा धोका राहत नाही. खेळ लिनक्सच्याच पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर ठेवावेत. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरील खेळ प्रोटॉनमधून चालविताना नाना अडचणी येतात.

राहता राहिले भोपाळचे कुटुंब. चिरंजीवांच्या यादीत विचर ३, जीटीए ५, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट ही चार नावे आहेत. पहिला चालेल. दुसऱ्याचा कथाभाग तेवढा चालेल. तिसरा मुळातच लिनक्सचा आहे. मात्र १०५० टीआयवर चित्रांची गुणवत्ता कमी ठेवावी लागेल. चौथा चालणार नाही. घरात एकच संगणक, त्यावर दोघांचे काम, आणि कार्ड ५८० शाखेवर थांबलेले. या तिन्ही गोष्टींचा विचार करता आमची शिफारस लिनक्स मिंटची आहे. एक लहान एसएसडी घ्यावी, आणि जागा मोकळी असल्यास रॅम ८ जीबीने वाढवावी. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च फारच थोडा होईल आणि कन्येच्या रकमेला हात लावावा लागणार नाही.

व्हॅलोरंटविषयी मुलाशी आधीच स्पष्ट बोलावे. जुनी विंडोजची डिस्क त्या एका खेळापुरती जपून ठेवता येईल. पण तेथे बँकेचे अगर टपालाचे कोणतेही काम करू नये, आणि तो खेळ त्या प्रणालीवर किती दिवस चालू राहील याचा भरवसा धरू नये. चारांतील तीन खेळ मिळून बहिणीचे शिक्षण सुरक्षित राहते, हा हिशेब बारावी झालेल्या मुलास समजण्यासारखा आहे. बसविण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे. मात्र प्रती काढून झाल्या आहेत हे थोरल्या बहिणीने पाहिल्यावाचून त्याने पेन ड्राइव्ह जोडू नये.